जमीला मणियारच्या चार वह्या

मी, जीवराम तोताराम भंगाळे, वय ६१, निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षक, राहणार जळगाव, डॉक्टर हृदयाबद्दल काहीही म्हणोत, डोके ठिकाणावर असताना व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो की :

१. राहते घर पत्नी सुगंधाबाई हिचे. पुतण्या भटूने तिच्या हयातीत वाटणीचा विषय काढू नये. पाचोऱ्याची जमीन त्याला दिली होती, ती विकून त्याने फटफटी घेतली.

२. माझी पुस्तके कोणालाही द्यावीत, मी शिकवत होतो त्या कॉलेजला एकही देऊ नये. कारण पुढे आहे.

३. कपाटातल्या चार वह्या माझ्या नव्हेत, जमीला चांद मणियार हिच्या आहेत. ती बी.एस्सी.ला असताना मी तिला केळीच्या पोंगासडीवर, म्हणजे केळीचा कोवळा पोंगा कुजवणाऱ्या रोगावर, काम दिले. तिचे वडील गावोगाव बांगड्या भरत. सुट्टीत ती त्यांच्यासोबत भडगावकडे जाई आणि बांगड्या भरता भरता बायकांना विचारी, बागेतले कंद कुठून आणले? "त्यासना मळाना कंद लावात नि बठ्ठा बाग सडी गया," (सगळी बाग सडली) असे एखाद्या बेबाबाईने सांगितले, की जमीला तारखेसह लिही. अशा एकशे चौदा बागा! रोग कंदांबरोबर जातो, हे त्या पोरीने दाखवले.

विभागप्रमुखांनी (नाव लिहून कागद विटाळत नाही) "बांगड्यांचे संशोधन" म्हणून तिची टर उडवली आणि वर्षाने तेच एका नियतकालिकात स्वतःच्या नावाने छापले. आभार मानले ते बैलगाडीवाल्याचे! जमीलाचे नाव कुठेच नाही.

४. "हे काम विभागप्रमुखांचेच" या दाखल्यावर सही मात्र माझी आहे. निवृत्तीला दोन वर्षे होती, मी भ्यालो. ती सही खोटी होती. मला तिची लाज वाटते. आज ती मागे घेतो. तिसरे व हे कलम साक्षीदारांच्या सह्यांसह त्या नियतकालिकाच्या संपादकांना धाडावे.

५. माझा सूक्ष्मदर्शक जमीलाला द्यायचा होता, आणि साक्षीलाही तीच हवी होती. वकील रतिलालभाई म्हणाले, "दोन्ही नको, नाना. जिला मिळणार तिनेच साक्ष घातली, तर उद्या लोक बोट दाखवतील."

जमीला समोरच बसली होती. तिने चौथे कलम पुन्हा वाचले. म्हणाली, "सर, यंत्र दुसऱ्याला द्या. साक्ष मी घालते."

सबब सूक्ष्मदर्शक भटूच्या मुलीस द्यावा.

स्थळ : जळगाव
दिनांक : १२ फेब्रुवारी १९५८
सही : जीवराम तोताराम भंगाळे

आमच्यादेखत सही झाली :
१. रतिलाल मगनलाल शहा, वकील
२. जमीला चांद मणियार, बी.एस्सी. तिसऱ्या कलमातील काम माझे आहे.