‘हे चालवू नका’खालचं बटण

सोम., १० नोव्हें.
फोल्डर पुसण्याचा धडा सकाळी कोडिंग क्लासच्या साइटवर चढवला. त्यात एक घातक कमांड मुद्दाम दिली होती, वर ठळक अक्षरांत ‘हे चालवू नका’. सवयीने कोडच्या चौकटीची खूण केली, तीन बॅकटिक, आणि पुढे कमांडच्या भाषेचं नाव, ‘बॅश’. माझ्या लॅपटॉपवर नुसती राखाडी चौकट दिसली. साइटवर मात्र ‘बॅश’ लिहिलेल्या चौकटीखाली ‘चालवा’ बटण आपोआप येतं; दाबलं की कमांड दाबणाऱ्याच्या फोल्डरवर खरीच चालते. मला माहीत होतं हे.

दुपारी सुमय्याचा फोन. तीर्थपुरीची, क्लासमधली सगळ्यात धीट पोरगी. तिचा अख्खा प्रोजेक्ट पुसला गेला. बियाण्यांच्या साठ्याचा. गुरुवारी नवीन जालन्यात कंपनीच्या मुलाखतीत तोच दाखवायचा आहे. “वाचलं होतं मॅडम. पण खाली बटन होतं, मंग दाबलं.”

लोक स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात. मी तिच्या पायावर पाडला.

मंगळ., ११
‘बॅश’ काढून ‘टेक्स्ट’ लिहिलं. बटण गेलं. एका शब्दाचं काम.

तिच्या प्रोजेक्टची जुनी प्रत कुठेच नाही. क्लासचे मालक जाधव सर म्हणतात, पोरं वाचत नाहीत त्याला आपण काय करावं. मी म्हटलं, बटण आपणच दिलं ना? चिडले. चिडू देत.

सुमय्याला फोन करून सरळ सांगितलं, चूक माझी. ‘बरं’ म्हणाली, एवढंच. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

बुध., १२
पहिल्या एसटीने आली. दिवसभर दोघी बसून प्रोजेक्ट पुन्हा लिहिला. तिला बरंचसं तोंडपाठ, म्हणून निभावलं. तिच्या अम्मीच्या डब्यावरच जेवलो.

पण ओळ लिहून झाली की लॅपटॉप माझ्याकडे सरकवायची. चालवायचं काम दिवसभर मीच केलं. घरी आल्यावर लक्षात आलं. ‘दाबून तर बघ, काही होत नाही’ हे मीच शिकवलेलं पोरींना...

गुरु., १३
मुलाखतीआधी क्लासवर आली. म्हटलं, एकदा पूर्ण चालवून बघ. बोट बटणापर्यंत नेलं, मागे घेतलं.

“आधी तुम्ही दाबा, मॅडम.”

मी म्हटलं, अगं, तिथे मी नसणार.

“मालूम आहे.”

मीच दाबलं. सगळं बरोबर चाललं. तिने लॅपटॉप मिटून बॅगेत घातला, खाली जाऊन ऑटो पकडली.

आता आत गेली असेल. साहेब म्हणतील, चालवून दाखव.