दामाजीने फोडलेली शेगडी

दामाजी,

माजिवड्याच्या भंगारवाल्याकडून चिनी मातीची ती झाकणाची शेगडी आणली, तेव्हा आत उंदरांचं घरटं होतं. काजळी खरवडून माझी नखं गेली. बिजागरी बदलली, नवी जाळी बसवली, तडकू नये म्हणून मंद निखाऱ्यांनी ती हळूहळू तापवत आणली. हे सगळं तू बघत होतास. तरी रविवारी मित्रांना कोंबडी भाजून घातलीस आणि धगधगत्या शेगडीत बादलीभर पाणी ओतलंस. उभा तडा गेला. वर मलाच म्हणालास, "ताई, मडकंच ते. दुसरं आण."

आज वर्तकनगरला एका लग्नाच्या हळदीला पापलेटं भाजायचीत, माझी पहिली ऑर्डर. तडा भट्टीच्या मातीने भरलाय, बाहेरून तार आवळलीय. टेम्पोतून नेतेय. टिकेल की नाही माहीत नाही, पण दिलेला शब्द मी मोडणार नाही.

भात टोपात आहे. कालवण केलेलं नाही.

तुझी बायको हिरा माझ्याबरोबर येतेय. मी बोलावलं नव्हतं. कोळसे भरताना शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, मलाही शिकवा." तिने कपड्यांची पिशवीपण घेतलीय. का, ते मी विचारलं नाही. तुला माहीत असेल.

सरस्वती