सात दिवस फाटकाबाहेर

३ नोव्हेंबर, सोमवार

नोकरी लागली. वय वर्षं बासष्ट!

अवधूतची कंपनी कर्वेनगरात, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. माणसं तीन — अवधूत मालक, केदार आणि नम्रता काम करणारे. आता मी चौथा. मंगल कार्यालयांना बुकिंगचं सॉफ्टवेअर पुरवतात. कुठल्या तारखेला कुठला हॉल कोणाला दिला, ते त्यावर दिसतं. एकतीस कार्यालयं आहेत. तुळशीचं लग्न लागलं, म्हणजे आता यांची धावपळ सुरू.

माझी बायको कुसुम शाळेत शिकवायची, अवधूत तिचा विद्यार्थी. तिने शब्द टाकला. का टाकला तेही मला ठाऊक आहे. निवृत्त झाल्यावर मी घरातल्या डब्यांना नंबर दिले. तूरडाळीच्या डब्यावर कार्ड लावलं — आवक, जावक, शिल्लक. पंधरा दिवसांत तिने अवधूतला फोन केला.

"महिनाभर बघू काका, मग कायमचं करू," अवधूत म्हणाला. ते 'बघू' झोंबलं. चौतीस वर्षं खडकीला दारूगोळ्याचं स्टोअर सांभाळलं, एक खिळा इकडचा तिकडे झाला नाही. बायकोच्या शब्दावर मिळालेली खुर्ची मला नको. महिन्याच्या आत ती कमावून दाखवीन.

४ नोव्हेंबर, मंगळवार

काम समजलं. केदारने समजावलं, कानात एका बाजूला गाणी चालू ठेवून.

ही मुलं सगळं सॉफ्टवेअर स्वतः लिहीत नाहीत. तयार तुकडे बाहेरून आणतात. त्याला पॅकेज म्हणायचं. आणून देणारा जो प्रोग्रॅम, तो पॅकेज मॅनेजर. आणि त्याने माल कुठून आणावा, कोणता आणावा, किती जुना आणावा, हे एका सेटिंग फाईलमध्ये लिहायचं. फाईलच्या नावाची सुरुवातच टिंबाने होते, त्यामुळे ती यादीत दिसत नाही. असते, पण दिसत नाही.

म्हणजे स्टोअरच की! आणि ही फाईल म्हणजे फाटकावरचे हुकूम.

एवढा महत्त्वाचा कागद, आत काय? दोन ओळी. त्यातली एक रिकामी.

अलीकडे कुठल्याशा कंपनीत अशाच एका पॅकेजमधून चोर शिरला म्हणे, पासवर्ड घेऊन गेला. तेव्हापासून अवधूतची झोप उडाली आहे. ती फाईल नीट करायची हे माझं काम. आधी महिनाभर फक्त माझ्या संगणकावर लावायची. जमलं तर एक डिसेंबरला सगळ्यांना.

केदारने आत्तापर्यंतचा सगळा माल पेन ड्राइव्हने माझ्या संगणकात घालून दिला. मी मोजायला सांगितला. अकराशे त्रेचाळीस नग. कशासाठी? तर पडद्यावर एक कॅलेंडर दिसावं म्हणून!

५ नोव्हेंबर, बुधवार

नम्रताकडून त्या प्रोग्रॅमचं माहितीपुस्तक छापून घेतलं. ती अमरावतीची, मोठ्यांना नाही म्हणत नाही. चौऱ्याऐंशी पानं निघाली. "काका, हे वेबसाइटवर आहे ना जी," म्हणाली. असेल. कामाच्या संगणकावर मी वेबसाइटी बघत नाही. घरी आणून वाचतो आहे. कुसुम म्हणाली, "परीक्षा कधी आहे?"

७ नोव्हेंबर, शुक्रवार

अकराशे त्रेचाळीस नगांची यादी घेऊन बसलो. नम्रता नाव वाचते, मी लाल शाईने टिक करतो. दुपारपर्यंत दोनशे झाले.

एक नग आहे, तो फक्त एवढंच सांगतो की आकडा विषम आहे का. बरं. त्याला मदतीला दुसरा नग लागतो. तो सांगतो की जो आकडा आहे, तो आकडाच आहे का. मी केदारला विचारलं, "हे तुला स्वतःला सांगता येत नाही?"

"येतं काका. पण तयार मिळतं."

"बनवतो कोण?"

"असेल कोणीतरी. फिनलँडला असतो बहुतेक."

"पत्ता?"

केदारने मला एक फोटो दाखवला. मांजराचा.

एकतीस कार्यालयांतली लग्नं या मांजराच्या भरवशावर लागताहेत. मी यादीत त्या नावापुढे टिक न करता गोल काढला.

१० नोव्हेंबर, सोमवार

पुस्तक संपवलं. आज फाईलमध्ये तीन हुकूम लिहिले.

पहिला — जे मागितलं, नेमकं तेच आणायचं. इथे मागणी लिहिताना नंबराआधी एक छोटी टोपी काढतात, तिचा अर्थ 'हे किंवा याहून नवं, जे मिळेल ते'. हा काय प्रकार? खडकीला कोणी असं इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, लिहिलं असतं तर साहेबांनी त्याला उन्हात उभं केलं असतं. सगळ्या टोप्या काढल्या.

दुसरा — काही नग आत आल्याआल्या स्वतःहून उठून कामाला लागतात. कोणी सांगितलेलं नसताना! केदार म्हणतो, "नॉर्मल आहे ते." आमच्याकडे माल आत आल्याआल्या आपण होऊन काही करायला लागला असता, तर खडकीत एका घराला खिडकी राहिली नसती. बंद केलं.

तिसरा माझा आवडता — नवीन बनलेला कोणताही नग सात दिवस फाटकाबाहेर थांबेल. खोट असली तर सात दिवसांत दुसऱ्या कोणाकडे तरी ती दिसते. मग आपण घ्यायचा.

फाईलमध्ये चौकोनी खूण टाकून आपलं म्हणणं लिहिता येतं, यंत्र ते वाचत नाही. मी लिहिलं — 'येथे विचारल्याशिवाय बदल करू नये. विचारल्यास नाही म्हणण्यात येईल.'

११ नोव्हेंबर, मंगळवार

चालतंय! नम्रताकडून नाव घेऊन कालच बनलेला एक नग मुद्दाम मागवून पाहिला. लाल अक्षरांत नकार आला. केदारला हाक मारली. त्याने फोनवर बोलता बोलता लांबून पाहिलं, अंगठा दाखवला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अप्पा बळवंत चौकातून इंडेंटची पुस्तकं छापून आणली. तीन प्रती — पांढरी, गुलाबी, पिवळी. नवीन नग हवा असेल त्याने भरून द्यायचं. नगाचं नाव, प्रयोजन, याशिवाय का चालणार नाही, आणि सही.

केदारने पहिलं इंडेंट भरलं. प्रयोजनाच्या रकान्यात लिहिलं — 'बटण गोल करणे'. परत केलं. शेरा — 'बटण चौकोनी असल्याने कोणाचे लग्न मोडल्याचे ऐकिवात नाही.'

नम्रताचं इंडेंट मात्र बघण्यासारखं होतं. अक्षर सुवाच्य, कार्बन सरळ लावलेला. मंजूर.

१६ नोव्हेंबर, रविवार

मंडईतून मेथी आणली. जुडी हातात घेऊन जरा विचार करत उभा होतो, तर कुसुम म्हणाली, "ती सात दिवस बाहेर ठेवायची असेल तर खुशाल ठेवा. आठव्या दिवशी तुम्हीच निवडायची आणि तुम्हीच खायची."

मी काही बोललोही नव्हतो!

१९ नोव्हेंबर, बुधवार

रोज सकाळी वेगवेगळे नवे नग मागवून फाटक तपासतो. रोज लाल नकार. नऊ दिवसांत एकही आत शिरला नाही. वहीत नोंद ठेवली आहे. खरं सांगायचं तर इतका आनंद मला निवृत्त झाल्यापासून झाला नव्हता. सकाळी सहालाच जाग येते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मंगळवारी केदारने मुहूर्ताचे दिवस गुलाबी दिसावेत म्हणून एक नग मागितला होता. दोन दिवसांचा होता, म्हणून पाच दिवस थांब असं लिहून परत केलं. आज त्याच्या मागून पाणी प्यायला गेलो, तर पडद्यावर सगळे मुहूर्त गुलाबी!

"काका, क्लायंटला आजच हवं होतं."

"मग हे इंडेंट कशाला भरलंस?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

रागाने म्हणाला नाही, साधेपणानेच म्हणाला, आणि ते जास्त लागलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नम्रतालाही विचारलं. ती रडकुंडीला आली. तीसुद्धा गुलाबी प्रत मला देऊन माल परस्पर आणत होती. माझा नियम माझ्या संगणकापुरता, त्यांचे संगणक मोकळे, तेव्हा चोरी म्हणता येत नाही. पण मी दोघांची मिळून अठरा इंडेंटं मन लावून वाचली होती.

जिना उतरताना अवधूतचा आवाज ऐकू आला, फोनवर. "नाही रे, बाईंचा शब्द होता. महिन्याचं आहे फक्त. त्यांचाही वेळ जातो."

घरी आलो. कुसुमने विचारलं, काय झालं. म्हटलं, काही नाही. अपमान झाला की मला भूक लागत नाही, हे तिला छत्तीस वर्षं माहीत आहे. तिने ताट वाढलंच नाही, नुसता ताकाचा पेला आणून ठेवला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

गेलो. आठवडा उरला आहे, तो अर्धवट टाकणार नाही. उरलेले नग तपासून पूर्ण केले. अकराशे त्रेचाळीसच्या अकराशे त्रेचाळीस. नम्रता न बोलावता वाचायला येऊन बसली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी अकराला अवधूतचा फोन वाजला. सातारा रस्त्याकडचं एक कार्यालय. त्यांच्या पडद्यावर रविवारच्या एकाच मुहूर्तावर, एकाच हॉलमध्ये चार लग्नं! पाठोपाठ दुसरा फोन. तिथे एकही लग्न नाही, आणि चारशे पानांची पंगत ठरलेली. दुपारपर्यंत एकतीसही कार्यालयांचे फोन येऊन गेले.

केदारने सकाळी आणलेला एक नग. चार तासांपूर्वीच बनलेला. आत आला आणि आपण होऊन कामाला लागला. पासवर्ड बाहेर, तारखा उलट्यापालट्या. केदारचा संगणक गेला, नम्रताचा गेला, अवधूतचाही गेला. तारखांची रोजची प्रत वेगळी ठेवलेली असते, ती शाबूत होती. पण ज्यात ती भरायची ते सॉफ्टवेअर पुन्हा उभं करायला माल हवा, आणि बाहेरून आता काहीच आणायची सोय नाही, कारण कोणता नग नासला आहे हे कोणालाच माहीत नाही.

केदार पांढराफटक पडून बसला होता. मी म्हटलं, "माझ्याकडे आहेत."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

"अकराशे त्रेचाळीस. एकेक तपासलेला. यादी या कपाटात आहे."

नेटवरून नको, असं अवधूत म्हणाला. केदारचा संगणक पुसून कोरा केला, त्यावर पेन ड्राइव्हने नेले. मी सही घेतली, मगच दिले. कॅलेंडर संध्याकाळी सातला परत उभं राहिलं. मुहूर्त गुलाबी नव्हते, बटणं चौकोनी होती, आणि रविवारी त्या हॉलमध्ये एकच लग्न होतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर फोन. अवधूत प्रत्येकाला सांगतो आहे, "आमच्याकडे माधवकाका आहेत, त्यांची फाईल होती म्हणून वाचलो." मी ऐकू येत नसल्यासारखा बसलो होतो. सगळं ऐकलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

शाल आणि नारळ! दवाखान्याचे डॉक्टरही वर आले होते. कार्यालयवाल्यांनी पेढे पाठवले. अवधूतने कायम केल्याचं पत्र सगळ्यांसमोर वाचलं. सोमवारी माझी फाईल सगळ्या संगणकांवर जाणार, आणि यापुढे तिला माझ्याखेरीज कोणी हात लावणार नाही. केदार वाकून नमस्कार करून म्हणाला, "काका, सॉरी. खरंच." नम्रताने इंडेंटची नवी पुस्तकं सांगितली आहेत, पन्नास.

अवधूत कुसुमला फोनवर म्हणाला, "बाई, तुम्ही शब्द टाकला नसता तर आज आम्ही संपलो होतो." ती म्हणाली, "मी शब्द माणसासाठी टाकला होता, नवऱ्यासाठी नाही."

हे तिने मला आपण होऊन सांगितलं. मी पत्र चार वेळा वाचलं. आता मी कोणाच्या दयेवर तिथे बसत नाही. रात्री दोन वाट्या आमटी प्यायलो.

१ डिसेंबर, सोमवार

पावणेनऊला पोहोचलो. अजून कोणी नाही. फाईल सगळ्यांना पाठवायचं बटण दाबलं. जाईना. तीनदा दाबलं. वाकून संगणकाच्या पाठीमागे पाहिलं.

नेटची वायर जमिनीवर पडलेली आहे. खोचायच्या जागेत धूळ बसली आहे, महिन्याची तरी असेल. म्हणजे माझ्या फाटकावर आजवर कोणी आलंच नव्हतं. रोजचे ते लाल नकार रस्ताच नसल्याचे होते. हुकूम बरोबर लिहिलेत की चूक, हे मला अजून माहीत नाही.

धूळ पुसली. वायर खोचली.

अवधूत जिना चढतो आहे. त्याला पत्र परत देणार आणि म्हणणार, माझा महिना आजपासून धर.