कळलावीचा लेप आणि कळशीभर पाणी

मी, ॲन्सेल्म पास्कू डाबरे, वय अडुसष्ट, निवृत्त शिक्षक, राहणार पापडी, तालुका वसई, जिल्हा ठाणे, बुद्धी शाबूत आणि हात स्थिर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, केळीची वाडी आणि पोस्टातील शिल्लक माझी एकुलती कन्या लुईझा हिला. तर्कशास्त्राची पुस्तके वाळवीच्या आधी कोणी मागितली, तर त्यास द्यावीत.

२. कोयते, कुदळी व रहाटाचे दोर जावई जोसेफ यास. शेजारी वॉल्टर डिमेलो हा या पत्राचा साक्षीदार असल्याने कायद्याने त्यास काही देता येत नाही. दर पावसाळ्यात कुंपण वीतभर माझ्याकडे सरकवून त्याने घेतले, ते पुरे. कळलावीचा वेल आहे तेवढ्या दहा हातांत मात्र कुंपण जागचे हललेले नाही. घरात भांडण लावते म्हणून त्या फुलाला वॉल्टर भितो.

३. ते दहा हात, आणि लगतची माझ्या वडिलांनी तिला दिलेली झोपडी, सुईण डेल्फिनबाय हिच्याकडे हयातभर राहावी. वेल कोणी उपटू नये. त्याचा कंद रताळ्यासारखा दिसतो आणि खाल्ल्यास जीव घेतो. घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला तो दाखवून ठेवावा. अडलेल्या बाळंतिणीच्या तळपायांना डेल्फिन तोच उगाळून लावी. बाळ बाहेर येताच लेप धुवून काढावा लागतो, नाहीतर आईच्या जिवावर बेतते, असे ती सांगे.

४. कारण लिहिणे मला भाग आहे. १९२१ च्या ऑगस्टात माझी पत्नी हेलन दोन दिवस अडली होती. डेल्फिनने लेप लावला आणि मला गरम पाण्याची कळशी घेऊन दाराबाहेर उभे केले. लुईझा रडली.

"मास्तर, पानी!"

मी म्हणालो, "पायाचा आणि पोटाचा संबंध काय, ते आधी सांग."

"संबंध उद्या इचार रे बाबा, पानी दे!"

मी आणखी दोन प्रश्न विचारले. तासाभरात हेलन गेली.

माझ्या उशिराने ती गेली, हे सिद्ध होत नाही. लेपाने गेली, हेही सिद्ध होत नव्हते. तरी दुसरे विधान मी चर्चच्या आवारात मोठ्याने केले, आणि पहिले आजवर कोणापाशीही केले नाही. त्यानंतर गावाने डेल्फिनला बाळंतपणाला बोलावले नाही. मी वेल उपटला; मातीत राहिलेल्या कंदातून तो पुन्हा आला. डेल्फिन मात्र रोज सकाळी शेळीचे दूध ओट्यावर ठेवून जाई. का, असे विचारले, तर म्हणाली, "बोलला तू. भूक पोरीला हाय."

५. कलम चार माझ्या दफनानंतरच्या रविवारी, मिस्सा सुटल्यावर, त्याच आवारात वाचावे.

६. कलम पाच रद्द. डेल्फिन बहात्तर वर्षांची आहे. माझ्या मरणापर्यंत तिला थांबवणे म्हणजे कळशी धरून पुन्हा दाराबाहेर उभे राहणे होय. येत्या रविवारी, तेवीस तारखेला, मीच वाचेन. लुईझाने तिला हाताला धरून आणावे. ती आली नाही, तर मी तिच्या झोपडीच्या दाराशी वाचेन. आणि आतून तिने काही मागितले, तर प्रश्न न विचारता देईन.

स्थळ : पापडी
दिनांक : २० ऑगस्ट १९५३

सही : ॲन्सेल्म पास्कू डाबरे

आम्हां दोघांच्या देखत सही झाली :
१. वॉल्टर जॉन डिमेलो, पापडी (कुंपणाचा मजकूर वाचला.)
२. एकनाथ हरी राऊत, आगाशी