दोन बाय दोनचे फोटो

दादा,

दोनदा दार वाजवलं, फोनही केला. तू जागा आहेस, मला माहितीये. आई, बाबा आणि मी अमेरिकेच्या व्हिसाच्या मेडिकलला अंधेरीला चाललोय. आमटी ओट्यावर आहे, भात तेवढा लाव. पाणी जायच्या आत पिंप भर, नाहीतर वाट लागेल.

अमेरिकेतल्या मामाने आपल्या सगळ्यांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज केला तेव्हा तू दुसरीत होतास आणि मी रांगत होते. नंबर यायला इतकी वर्षं लागली की तू एकविसाच्या वर गेलास, आणि त्यापुढची मुलं आईबापाच्या अर्जात धरत नाहीत म्हणून तुझं नावच उडालं. यात माझी काय चूक आहे रे? माझ्याशी तरी बोल ना.

सकाळी आईने तुझीही फाईल पिशवीत भरली होती. पासपोर्ट, लहानपणीचं लसींचं कार्ड, सगळं. मीच ती बाहेर काढली. आई पिशवीची चेन लावत-उघडत बसली. बाबा कालपासून "इंटरव्ह्यूत विचारून बघू" एवढंच म्हणतायत. काय विचारणार, डोंबल?

माझ्या एक्स-रेत एखादा डाग निघाला तर बरं होईल, माझाही व्हिसा अडकेल. हे आईला सांगू नकोस.

फाईल टीव्हीखाली ठेवलीये. त्यात तुझे व्हिसासाठी काढलेले फोटो आहेत, दोन बाय दोन इंचाचे. फेकू नकोस. मी फोटोवाल्याला विचारलं. कडा कापल्या तर इथल्या फॉर्मवर चालतील म्हणाला.

ऋता