मोगऱ्या वर चढतो

सोलापूर,
दि. ३ एप्रिल २०२५

चि. बुद्धप्रिया हिस पप्पांचे अनेक आशीर्वाद व जयभीम, वि. वि.

मी आणि पारूआत्या खुशाल आहोत. तुझ्या मोगऱ्याचं मात्र काहीतरी बिघडलंय. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि मी ओरडलो असतो. शिवाय माझ्या बटणाच्या फोनवर धड फोटो निघत नाही, म्हणून पत्र.

कॉलेजला जाताना हे चार पायांचं, सरड्यासारखं पांढरं ॲक्सोलॉटल तू माझ्या गळ्यात मारून गेलीस. जन्मभर पाण्यातच राहतं, पाणी गार ठेवा, गांडुळं घाला, एवढंच सांगितलंस. इथं उन्हाने अंगाची काहिली होते आणि मी दिवसातून पाच वेळा त्याच्या टाकीत बर्फाची बाटली सोडतो. माझ्या नशिबी माठातलं पाणी. पण गेल्या पंधरा दिवसांत त्याच्या मानेभोवतीचे लाल तुरे आखडत चाललेत. शेपटीवरची झालर विरली. डोळे फुगून वर आलेत, कातडी सुटून पाण्यात तरंगते, आणि पाच दिवस झाले, त्याने गांडुळाला तोंड लावलेलं नाही.

सात रस्त्याजवळ युवराजचं माशांचं दुकान आहे, त्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला की काका, संपलं ते, नाल्यात सोडा आणि टाकी मला विका. मी त्याला सांगून आलो की टाकीही मिळणार नाही आणि मोगऱ्याही नाल्यात जाणार नाही. तू आता जनावरांची डॉक्टर होणार, तर तुझ्या सरांना विचारून कळव.

माया आहेच, अभ्यासातून उरली तर थोडी इकडेही पाठव.

तुझा,
पप्पा (रावसाहेब)

•

मुलींचे वसतिगृह,
दि. ८ एप्रिल २०२५

ती. पप्पांना बुद्धप्रियाचा सविनय जयभीम, वि. वि.

तुम्ही म्हणालात तशी रडलेच. तुमचं पत्र सरांना अख्खं वाचून दाखवलं. ते म्हणाले की या प्राण्याचे तुरे मरेपर्यंत जात नाहीत, आणि ते झडत असतील तर उन्हाने शरीर हरलंय. अन्न सोडलंय म्हणजे आता त्याला ओढत ठेवणं म्हणजे छळ. सोलापुरातल्या एका डॉक्टरांच्या नावे त्यांनी चिठ्ठी दिली आहे, ती सोबत पाठवते. त्यांच्याकडे नेऊन त्याला शांतपणे कायमचं झोपवून घ्या. मी दोनदा विचारलं, पप्पा. सर म्हणाले की पशुवैद्य व्हायचं तर हे शिकावंच लागतं.

पाण्यात काही वेगळं पडलं होतं का, असंही सरांनी विचारलंय. आता त्याचा उपयोग नाही, तरी कळवा. मला तुमच्याजवळ असायला हवं होतं.

आत्याला जयभीम. माझ्यावर रागावू नका, लोभ असू द्या.

तुमची,
बुद्धप्रिया

•

सोलापूर,
दि. १२ एप्रिल २०२५

चि. बुद्धप्रिया हिस आशीर्वाद व जयभीम, वि. वि.

चिठ्ठी मिळाली. ती मी फाडून टाकली. राग आला तर येऊ दे.

तुझ्या सरांनी पुस्तकं वाचलीत, मी एकोणतीस वर्षं दवाखान्याच्या वॉर्डात लादी पुसली आणि पेशंट उचलले. जाणारा माणूस हातपाय आवरून घेतो, भिंतीकडे तोंड करतो. मोगऱ्या तसं करत नाही. तो पुढचे पाय काचेला लावून उभा राहतो, नाक पाण्याबाहेर काढून हवा घेतो, घसरतो, पुन्हा उभा राहतो. वस्तीत जयंतीचा मंडप उभा राहतोय, पोरं मला हाका मारून थकली, पण मी काल दुपारभर टाकीपुढे बसून होतो. मरायला टेकलेलं जित्राब एवढी खटपट करत नाही गं. त्याला बाहेर यायचंय.

म्हणून मी पाणी चार बोटं ठेवलं आणि शहाबादी फरशीचा तुकडा तिरका लावला. पुस्तकात नसेल तर नसू दे.

पाण्यात काय पडलं विचारतेस, तर आत्याने कबूल केलंय. फेब्रुवारीत त्याचा पाय खरचटला होता, तेव्हा आपल्या घरातलं जखमेचं तपकिरी आयोडीन तिने आठवडाभर झाकण झाकण पाण्यात ओतलं. तिचं म्हणणं असं की तुमच्या समद्यांच्या ढोपराला मी त्येच लावलं, कुनी मेलं न्हाय, मग ह्यालाच काय व्हतंय.

मरायचाच असेल तर माझ्या ओंजळीत मरेल. झोपवायला म्हणून मी त्याला उंबऱ्याबाहेर नेणार नाही.

भांडलो तरी बाप आहे, हे ध्यानात असू दे.

पप्पा

•

सोलापूर,
दि. १७ एप्रिल २०२५

चि. बुद्धप्रिया हिस आशीर्वाद, वि. वि.

घाईत लिहितो. आज सकाळी मोगऱ्या फरशीवर चढला आणि पाण्यात परत गेलाच नाही. तुऱ्यांच्या जागी नुसत्या गाठी उरल्यात. डोळ्यांना पापण्या आल्यात, माझ्याकडे बघून त्याने त्या मिटल्या. आत्याने गांडूळ पुढे धरलं, ते खाल्लं. ती रडली आणि मलाच ओरडली.

पप्पा

•

मुलींचे वसतिगृह,
दि. २३ एप्रिल २०२५

ती. पप्पांना सविनय जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र घेऊन मी पळत लायब्ररीत गेले. पप्पा, तो आजारी नव्हताच, बेडकाच्या पिल्लासारखं रूप पालटून तो जमिनीवरचा होत होता! हजारांत एखाद्याचं असं होतं. कधी ते उपजतच असतं, कधी आयोडीनने होऊ शकतं. ते तुरे म्हणजे त्याचे पाण्यातले कल्ले, ते गेले की त्याला हवाच लागते; टाकी भरलेली ठेवली असती तर तो बुडून मेला असता. आणि मी तर त्याला मारायची चिठ्ठी पाठवली होती. मला माझीच लाज वाटते.

सरांना सांगितलं, त्यांनी लगेच वही काढली. मग म्हणाले की ते जनावर इकडे आण. प्रयोगशाळेत ठेवू, मोजमापं घेऊ, मेल्यावर बरणीत जतन करू, आणि लेख छापला तर तुझं नाव माझ्या नावाशेजारी येईल. मी हो म्हटलं नाही. पण नाही असंही म्हटलं नाही. तुम्ही काय म्हणता?

आत्याला घट्ट मिठी. तुमचा लोभ माझ्या चुकीपेक्षा मोठा आहे, हे माहीत आहे.

बुद्धप्रिया

•

सोलापूर,
दि. २७ एप्रिल २०२५

चि. बुद्धप्रिया हिस अनेक आशीर्वाद व जयभीम, वि. वि.

सरांना माझा जयभीम सांग आणि नाही म्हणून सांग. त्याच्या मरणाची चिठ्ठी ज्या हाताने लिहिली, त्या हातात मी त्याला देणार नाही. तुझं नाव छापून यावं असं मला लई वाटतं. पण ते तू दुसऱ्या कामावर मिळव, तुझ्यात तेवढी धमक आहे. तू तिथल्या तिथे नाही म्हणाली नाहीस, हे मला लागलं. लपवलं नाहीस, हे आवडलं.

सरांना बघायचंच असेल तर त्यांनी सोलापूरला यावं. मोजावं, लिहून घ्यावं, आठवडाभर राहावं, पारूआत्या भाकरी घालेल. आपल्या वस्तीचा पत्ता त्यांना नीट लिहून दे, रिक्षावाले कधी कधी आत यायला कुरकुरतात. मोगऱ्या पलंगाच्या पायाशी ओल्या मातीच्या घमेल्यात असतो. उभ्याने बघितलं तर तो दिसत नाही. सरांना आपल्या घरात, माझ्या शेजारी, खाली बसावं लागेल.

परीक्षा झाली की ये. माया आटू देऊ नकोस.

तुझा,
पप्पा