क्रमांक सातचा डबा

२ जून

खोली मिळाली, आणि अगदी मनासारखी मिळाली. विद्यापीठाच्या मागच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर, दुसऱ्या मजल्यावर, खिडकी पूर्वेला. एक खाट, एक टेबल, कोपऱ्यात शेगडी आणि भिंतीला एक फळी. फळीवर आधी देवाची तसबीर ठेवली, मग पुस्तकं. पन्नाशीला टेकलेला शाळामास्तर रजा काढून पुन्हा विद्यार्थी झाला, याचं माझं मलाच हसू येतं. निघताना मुलगी म्हणाली की बाबा, कुणी छळलं तर मला सांगा, मी येऊन बघते एकेकाकडे. ही, म्हणजे मुलीची आई, मात्र हसली नाही. माझ्या शर्टांची बटणं तिने पुन्हा एकदा घट्ट शिवून दिली आणि वेळेवर जेवत जा, एवढंच म्हणाली.

पोषणशास्त्र विभागात बरोबरची मुलं माझ्या मुलीच्या वयाची आहेत. एकीने मला कुणाचा तरी बाप समजून पालकांच्या बाकावर बसवलं. खरं कळल्यावर जीभ चावली, आणि तेव्हापासून मी सगळ्यांचा काका. मार्गदर्शक मॅडमही माझ्याहून लहानच. बोलायला मऊ, कामात कडक.

संध्याकाळी भात आणि डाळ केली. देवाचं नाव घेऊन जेवलो. गावच्या शाळेत गुरुजींनी लावलेली सवय, अजून सुटलेली नाही.

९ जून

काम नीट समजलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या पोटात रोज खरोखर किती अन्न जातं, हे शोधायचं. नुसतं विचारून खरं कळत नाही. माणसं लाजेपोटी जास्त सांगतात. म्हणून डब्याची पद्धत. माणूस जे जेवेल, तेच आणि तेवढंच आम्ही दिलेल्या डब्यात काढून ठेवायचं. दोन चमचे भात पोटात, तर दोन चमचे डब्यात. तो डबा आम्ही आणायचा, प्रयोगशाळेत सगळं एकजीव वाटायचं, वाळवायचं आणि तपासायचं. माणसांची नावं कुठे येत नाहीत, फक्त क्रमांक.

मॅडमनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. आधी प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि विभागातर्फे मिळणारी जादा शिध्याची पिशवी पोचवा. नाहीतर एखादं गरीब माणूस आपल्याच घासातला अर्धा घास डब्यात टाकेल, आणि तुम्ही तो मोजत बसाल. मी मान डोलावली.

१४ जून

क्रमांक सात म्हणजे एक मावशी. जन्मभर शिवणकाम केलं, आता डोळे साथ देत नाहीत. तरी बोटातलं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घालायची ती धातूची टोपी, काढत नाहीत. त्याशिवाय बोट उघडं वाटतं म्हणे. जीभ कात्रीसारखी. एवढा शिकून तू लोकांची उष्टी गोळा करतोस, तुझ्या आईला ठाऊक आहे का रे, असं विचारून त्या स्वतःच खूप हसल्या.

स्वयंपाकघर मात्र दाखवीनात. पडद्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. परक्या बाईच्या घरात किती आग्रह करायचा, म्हणून मीही संकोचलो. पिशवी पुढे केली, तर म्हणाल्या की माझ्याकडे सगळं भरपूर आहे, मी कुणाचं फुकट खात नाही. मला वाटलं, हा त्यांचा मान आहे. पिशवी परत घेऊन आलो. पुढच्या खेपेला देऊ. विभागात मात्र पोचवली म्हणून सांगितलं.

२७ जून

डबे नियमित येतात. मावशींचा डबा दारातच ठेवलेला असतो, बाहेरून पुसून लख्ख. आत अन्न अगदी थोडं. बाकीच्यांच्या मानाने निम्मंही नाही. आकडे पाहून मॅडम चकित झाल्या. म्हातारी माणसं आपण समजतो त्याहून किती कमी खातात याचा असा पुरावा आजवर मिळाला नव्हता, म्हणाल्या. विद्यार्थी संशोधन मेळाव्यासाठी माझं काम निवडलं गेलं. हिला फोन केला. तिने देवापुढे दिवा लावला.

माझे तांदूळ संपले होते, म्हणून मावशींची पिशवी उघडली. दुकानात जाणं झालं की भरून ठेवीन.

१५ जुलै

मावशी वाळल्या आहेत. अंगुस्तान बोटात राहत नाही, म्हणून आतून चिंधी गुंडाळली आहे. मी तब्येतीचं विचारलं तर म्हणाल्या, तुझा डबा माझ्यापेक्षा बाळसं धरायला लागला. मी हसलो.

हसायला नको होतं. जिना उतरताना अर्ध्यावर एकदा थांबलो. पण परत वर गेलो नाही.

२४ जुलै

मावशी गेल्या.

शेजारीण म्हणाली की खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या, उचलताना लहान मुलीएवढ्या हलक्या लागल्या. माझे डबे घेऊन जा म्हणून तिनेच दार उघडलं. मी पहिल्यांदा पडद्याच्या आत गेलो.

एक लहान पातेलं. तळाशी मूठभर तांदूळ असलेला एक डबा. बाकी फळी रिकामी. आणि एक ताट. ताटाच्या मधोमध एक सरळ पांढरी रेघ, कापड बेतायच्या खडूने मारलेली. रोज ताट धुवून रोज नव्याने मारत होत्या, असं शेजारीण म्हणाली. अर्धं माझं, अर्धं त्या मास्तरचं, म्हणायच्या. कबूल केलंय ना.

मॅडमनी सांगितलेली गोष्ट. तीच. जशीच्या तशी.

२६ जुलै

मावशींचं अजून कुणाला सांगितलेलं नाही. मेळावा जवळ आला आहे. सांगितलं तर आकडे गेले, काम गेलं, आणि तोंड दाखवायला जागा नाही. गावात सगळ्यांना कळलंय की मास्तर तिकडे नाव काढतोय.

मावशींचे शेवटचे काही डबे कमी पडत होते. ते मी भरले. माझ्या ताटातून, त्यांच्याच पिशवीतल्या तांदळाच्या भाताने, थोडं थोडं, त्या भरायच्या तसं. झाकणावर क्रमांक सात लिहिला.

जेवताना देवाचं नाव तोंडात आलं नाही.

३ ऑगस्ट

पहिलं पारितोषिक मिळालं. मुलांनी बाकं वाजवली. काका काका म्हणून गलका केला. मॅडम व्यासपीठावर म्हणाल्या की प्रामाणिक काम कसं असतं ते या वयाच्या विद्यार्थ्याकडून शिका.

मग सगळ्यांबरोबर जेवायला बसलो. ताट समोर आलं. मधोमध पांढरी रेघ. बोटाने पुसली, पुसली गेली नाही. अलीकडचं खाल्लं. पलीकडच्या घासाला हात लावला आणि हात तिथेच थांबला, कुणी मनगट धरावं तसा. शेजारची मुलगी म्हणाली की काका, आनंदाने पोट भरलं का.

८ ऑगस्ट

रोज. खोलीत, खाणावळीत, चहाबरोबरच्या पावाच्या बशीतसुद्धा. मला एकट्यालाच दिसते. रेघेपलीकडचं मी टाकत नाही. डोळे मिटून देवाला हात जोडतो, उघडतो, तर तेवढी बाजू पुसून लख्ख.

१२ ऑगस्ट

प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईंनी विचारलं की क्रमांक सातचे डबे अजून किती दिवस घेणार, शीतकपाटात जागा उरली नाही. मी म्हटलं, ते केव्हाच बंद झाले. त्या म्हणाल्या की काका, थट्टा करता काय, आजचा तर अजून कोमट आहे.

उघडून पाहिला. माझा सकाळचा पाव. अर्धा.

१७ ऑगस्ट

पट्ट्याला नवं भोक पाडलं. आज ठरवलं, मॅडमना सगळं सांगायचं. स्वयंपाकघराचं, पिशवीचं, शेवटच्या डब्यांचं. ठरवल्यावर मन इतकं हलकं झालं की आधी दोन घास खाऊन जावं म्हटलं. ताट आलं. रेघ नव्हती. कोरं ताट! पोटभर जेवलो. देवाचं नावही आलं तोंडात. डोळ्यांतून पाणी आलं.

मग मॅडमच्या दारापाशी गेलो. आत त्या कुणाला तरी माझंच कौतुक सांगत होत्या. पोट भरलेलं होतं. वाटलं, संकट टळलं आहे तर आजच कशाला. परत फिरलो.

संध्याकाळी रेघ परत आली. पण मधोमध नाही. सरकलेली. माझ्याकडे.

२१ ऑगस्ट

माझी बाजू आता चार बोटांची. पिशवीतले तांदूळ कितीही शिजवले तरी संपत नाहीत. भूक पण —

देवाची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. त्याच्यासमोर जेवायची लाज वाटते.

२५ ऑगस्ट

बोटातली अंगठी गळून पडली. आत चिंधी गुंडाळून घातली, आणि मग आठवलं हे आधी कुठे पाहिलं होतं.

हिने फोनवर माझा आवाज ऐकला. येते म्हणाली. मी नको म्हटलं. माझी शपथ घातली तरी ती येणार.

२६ ऑगस्ट

सांगायला हवं. जीभ उचलत नाही. मॅडम समोरून गेल्या, मी खांबाआड झालो. पन्नाशीचा माणूस, खांबाआड.

२८ ऑगस्ट

ही आली. मला बघून दारातच बसली. रडली, मग पदर खोचून स्वयंपाकाला लागली. मी टेबलाशी बसून लिहितो आहे. भाताचा वास येतो आहे. त्याच पिशवीतला. दुसरे तांदूळ आणायला जातो म्हटलं तर उठवेना.

आता तिलाच सांगतो. आधी तिला, उद्या मॅडमना. ती रागावेल, बोलेल, बोलू दे. तिच्यासमोर तरी —

तिने दोन ताटं मांडली. माझं ताट कोरं आहे. रेघ नाही. सुटलो. सुटलो देवा.

रेघ तिच्या ताटात आहे.

मधोमध. तिला दिसत नाही. मी म्हटलं, जेवू नकोस, आधी माझं ऐक. ती म्हणते, जेवताना सांगा, भाताची वाफ जाते. आणि म्हणते, मघाशी जिन्यात एक मावशी भेटल्या, फार वाळलेल्या, बोटात अंगुस्तान होतं. तुमची चौकशी केली. हा डबा दिला, पुसून लख्ख. म्हणाल्या, मास्तरांची बाई ना तू, मग तुलाही कबूल असेल, आपण जेवढं खाऊ तेवढंच यात —

सांगतो. आत्ता सांगतो. तिने घास उचलला आहे, अर्धा तोंडात, अर्धा डब्याकडे, तोंड उघड, असं मीच मला म्हणतो, आणि आवाज फुटत —